गाभडलेली मेंढी ठेवायची की काढायची? ब्रुसेला, क्लॅमिडिया आणि इतर जंतूंचा तुलनात्मक आढावा

एखादी मेंढी गाभडली तर टक्कर, धावपळ, लांबचा प्रवास असं कारण असू शकतं. पण शंभर गाभण मेंढ्यांत दोनांपेक्षा जास्त गाभडल्या, आणि त्याही पंधरवड्याच्या आत, तर संसर्ग धरूनच चालावं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, दौंड, इंदापूर, पुरंदरच्या वाड्यांवर अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो मेंढी बाजारात नेऊन मोकळं होण्याचा. हा निर्णय एका रोगात गरजेचा असतो, दुसऱ्यात स्वतःचंच नुकसान करतो, आणि ती मेंढी पाळायला नेणाऱ्याच्या कळपात मात्र दोन्ही वेळा रोग घेऊन जाते. म्हणून रोगाचं नाव कळेपर्यंत तिला विकू नये, वेगळी बांधावी, असं माझं ठाम मत आहे.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो ब्रुसेला आणि क्लॅमिडिया यांच्यात. दोन्हींत मेंढी वरून बहुधा धडधाकट दिसते, चरते, आणि एका सकाळी मेलेलं कोकरू सापडतं. मेंढीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा. मेंढ्या-शेळ्यांतला ब्रुसेला, म्हणजे ब्रुसेला मेलिटेन्सिस, शेवटच्या दोन महिन्यांत केव्हाही गाभ पाडतो. क्लॅमिडिया बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पाडतो, त्यामुळे कोकरू पूर्ण वाढलेलं आणि ताजं असतं. क्लॅमिडियात वार जाड, चामड्यासारखी होते आणि तिच्यावरच्या बटणांसारख्या गाठींच्या मधल्या जागेत तांबूस-तपकिरी घाण थर दिसतो. पण ब्रुसेलातही वार सुजते, तेव्हा नुसत्या वारेवरून निकाल देऊ नये. मेंढ्याच्या वृषणाला सूज असेल, किंवा घरात कुणाला चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम आणि सांधेदुखी असेल, तर संशयाचा काटा ब्रुसेलाकडे झुकतो.

ब्रुसेलात ठेवणं परवडत नाही. मेंढी पुढेही दुधातून आणि स्रावातून जंतू टाकत राहते, आणि औषधाने ती खात्रीने स्वच्छ होत नाही. रोझ बेंगाल या रक्तचाचणीने सगळा कळप तपासावा, नरांसकट, आणि बाधित जनावरं पशुवैद्यकांच्या सल्ल्याने कायमची काढावीत. गाई-म्हशींच्या 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांना सरकारी मोहिमेत दिली जाणारी लस मेंढ्यांना टोचून घेऊ नका. मेंढ्यांसाठीची रेव्ह-1 ही लस वेगळी, ती 3 ते 6 महिन्यांच्या कोकरांना देतात. गाभण मेंढीला दिली तर लसीनेच ती गाभडू शकते.

क्लॅमिडियात हिशेब उलटा आहे. एकदा गाभडलेली मेंढी सहसा याच रोगाने पुन्हा गाभडत नाही. धोका असतो तो तिच्या आसपासच्या मेंढ्यांना आणि कोकरांना. त्या यंदा संसर्ग घेतात आणि पुढच्या वेताला गाभ टाकतात. म्हणजे गाभडलेली विकली तर प्रतिकारशक्ती आलेली मेंढी जाते आणि रोग वाड्यातच राहतो. तिला स्राव थांबेपर्यंत वेगळी ठेवावी. तिच्याखाली दुसरीचं मादी कोकरू लावलं, तर ते पुढे पैदाशीला ठेवू नये. अजून व्यायच्या असलेल्यांना पशुवैद्यक दीर्घकाळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देतात. त्याने नुकसान कमी होतं, संसर्ग पुसला जात नाही.

कॅम्पिलोबॅक्टरही ठेवण्याच्या बाजूचा. तो तोंडावाटे, घाण झालेल्या चाऱ्या-पाण्यातून जातो, झटपट पसरतो आणि मागे चांगली प्रतिकारशक्ती सोडतो. कधी कधी कोकराच्या यकृतावर गोल फिकट डाग दिसतात, पण पोट फाडून बघण्याचं काम पशुवैद्यकाचं.

साल्मोनेलात मेंढी स्वतः आजारी पडते: ताप, हगवण, कधी मृत्यू. इथे आधी तिचा जीव वाचवायचा.

लिस्टेरियाचं मूळ बहुधा मुरघासात, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात. आता जिल्ह्यात बंदिस्त गोठ्यांवर मुरघास वाढला आहे, म्हणून हे जोर देऊन सांगतो. हवा शिरलेला, नीट न आंबलेला, बुरशी धरलेला मुरघास गाभण मेंढीपुढे टाकूच नका. मेंढी विकून इथे काही साधत नाही, खड्डा किंवा बॅग बदलावी लागते.

क्यू ताप, म्हणजे कॉक्सिएला जंतूचा रोग, मेंढीत बहुधा वरून लक्षणं दाखवत नाही, पण कधी कधी गाभ पाडतो. तो वाऱ्यावरच्या धुळीतून माणसाला गाठतो. नेदरलँडमध्ये 2007 ते 2010 या काळात प्रामुख्याने शेळ्यांच्या गोठ्यांमुळे सुमारे चार हजार लोकांना तो झाल्याची नोंद आहे.

पीपीआर हा विषाणूचा रोग किंवा टोक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी, हे जीवाणूंपलीकडचे रोगही गाभ पाडतात, म्हणून नमुना पाठवल्याशिवाय निर्णय पक्का होत नाही. बटणांसकट वारेचा तुकडा आणि कोकरू दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत, बर्फावर ठेवून, त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिथून ते औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. मेंढीचं रक्तही घ्यायला सांगा. वाडा फिरता असेल तर 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

उरलेली वार कुत्र्यांना घालू नका, चुना टाकून खोल पुरा. हातमोजे नसतील तर हातांवर प्लॅस्टिक पिशव्या चढवा. गरोदर बाईने गाभडलेल्या मेंढीच्या, वारेच्या आणि नव्या कोकरांच्या जवळही जाऊ नये, क्लॅमिडियाने तिच्याही पोटातलं बाळ जाऊ शकतं. दूध उकळूनच प्या. आणि घरात कुणाचा ताप हटत नसेल, तर डॉक्टरांना मेंढ्या गाभडल्याचं आपणहून सांगा. ते कळलं तरच ब्रुसेलाची रक्ततपासणी वेळेत लिहून दिली जाते.