सिटी कौन्सिलच्या सभा ऑनलाइन पाहण्याची सोय: कोणी काय मत दिलं ते नावानिशी

लेकीकडे कॅलिफोर्नियात आल्यापासून सिलिकॉन व्हॅलीतल्या या शहराच्या सिटी कौन्सिलच्या सभा मी त्यांच्या संकेतस्थळावर नेमाने बघते. माझी सगळी नोकरी महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात झाली. विषयपत्रिका काढायची, सभेत टिपणं घ्यायची, मग इतिवृत्त लिहायचं. त्यामुळे व्हिडिओ किती स्पष्ट दिसतो यापेक्षा कागद कसा ठेवलाय हे मी आधी बघते. सेवा फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. पाचपैकी चार तारे.

विषयपत्रिकेपासून सुरुवात करते. इथल्या 1953 च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका किमान 72 तास आधी लोकांसमोर यावी लागते. तिच्यात नसलेल्या विषयावर, मोजके अपवाद सोडले, तर निर्णयच घेता येत नाही. म्हणजे ऐनवेळचे विषय जवळजवळ बंद. महापालिका आतून पाहिलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. आमच्याकडे सभा संपत आली, निम्मे सदस्य उठून गेले की ऐनवेळचे विषय यायचे आणि कंत्राटाच्या मुदतवाढीचे ठराव बरेचदा त्यातच असायचे.

पण मला खरी भावली ती हितसंबंध जाहीर करण्याची पद्धत. एका सभेत गृहप्रकल्पाचा विषय पुकारला. एका सदस्याने माईक सुरू करून सांगितलं, माझी भाड्याने दिलेली मिळकत या जागेपासून 500 फुटांच्या आत आहे, म्हणून मी या विषयात भाग घेत नाही. कागद गोळा केले आणि तो सभागृहाबाहेर गेला. चर्चा झाली, मतदान झालं, मगच त्याला आत बोलावलं. हे त्याने मनाचा मोठेपणा म्हणून केलं नाही. इथल्या 1974 च्या कायद्याने कारण बोलून दाखवणं आणि अशा विषयाला बाहेर जाणं दोन्ही बंधनकारक आहे. 2,000 डॉलरची मिळकत किंवा गुंतवणूक, वर्षभरात एकाच ठिकाणाहून 500 डॉलरचं उत्पन्न, एवढ्यावरही हितसंबंध धरला जातो. निवडणुकीच्या देणगीलाही मर्यादा आहे. परवाना किंवा कंत्राट मागणाऱ्याकडून गेल्या बारा महिन्यांत 500 डॉलरहून जास्त देणगी घेतली असेल, तर त्या विषयात भाग घेता येत नाही.

त्या सभेचं इतिवृत्त मी मुद्दाम उघडलं. ठरावाखाली बाजूने कोण, विरोधात कोण, गैरहजर कोण, सगळी नावं. हितसंबंधामुळे बाहेर गेलेल्याचं नाव वेगळं आणि पुढे कारण. प्रत्येक सदस्याचं मत जाहीर नोंदवायची सक्ती 2014 पासून इथल्या सगळ्या स्थानिक संस्थांना आहे. मी इतकी वर्षं "सदर ठराव सर्वानुमते मंजूर" लिहीत आले. खाली सूचक आणि अनुमोदक, दोनच नावं. बाकीच्यांनी काय केलं, ते कागदावर कुठेच नाही. कोणी पोल मागितला तरच नावनिशी मोजणी व्हायची, आणि पोल क्वचितच मागितला जायचा. गोंधळात मंजूर झालेले विषय तर विचारूच नका.

आपल्याकडे कायदा नाही असं नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 प्रमाणे पालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा, थेट किंवा आडवळणाने हितसंबंध असेल तर नगरसेवक अपात्र ठरतो. पण ते सिद्ध करायला आधी कागद हवा ना! त्या दिवशी तो सभागृहात होता का, हात वर केला का, हेच सापडत नसेल तर सामान्य माणसाने न्यायाधीशांपुढे काय ठेवायचं?

एक तारा का कापला तेही सांगते. दरवर्षी 1 एप्रिलपर्यंत भरायच्या 'फॉर्म 700' मध्ये सदस्य आपले हितसंबंध लिहितात, पण किमतीचे गट फार ढोबळ आहेत. 1 लाख ते 10 लाख डॉलर एकाच रकान्यात. शिवाय स्वतःचं राहतं घर फॉर्ममध्ये लिहावं लागत नाही. म्हणजे शेजारच्या रस्त्याच्या कामाला मत देणारा तिथेच राहतो का, हे फॉर्मवरून कळत नाही. शोधाची सोयही कच्ची आहे. एका सदस्याची वर्षभराची मतं एकत्र बघायची तर एकेक इतिवृत्त उघडत बसावं लागतं. आणि किरकोळ म्हणून एकगठ्ठा मंजूर होणाऱ्या विषयांत मोठी कंत्राटंही असतात. तो भाग सुरुवातीलाच उरकतो, म्हणून सभा उशिरा लावू नका.

गावाकडच्यांसाठी एक सांगते. महाराष्ट्रातल्या महापालिकांचा कारभार काही वर्षं प्रशासकांच्या हाती होता. जानेवारी 2026 मध्ये 29 महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि सभागृहं पुन्हा भरली. तुमच्या पालिकेने मतनोंद संकेतस्थळावर ठेवली नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा. "ठरावाची सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका, उत्तर तितकंच मोघम येतं. सभेची तारीख, ठराव क्रमांक, त्या दिवसाचं हजेरीपत्रक, पोल झाला असल्यास त्याची यादी आणि सूचक-अनुमोदकांची नावं, असं एकेक वेगळं मागा. सभेचं ध्वनिमुद्रण असेल तर त्याची प्रतही त्याच अर्जात मागा.