मनीष नगरचा एकच फ्लॅट, तीन भाव: घर शोधायच्या ॲपचा अनुभव

पाचपैकी दोन स्टार, ते पण फक्त नकाशा चांगला आहे म्हणून.

आम्ही दिवाळीपासून नागपुरात टू बीएचके पाहून राहिलो, मनीष नगर, बेसा, बेलतरोडी, बजेट ५५ लाख. ॲपवर मनीष नगरचे तीन फ्लॅट आवडले, एक ५२ लाख १०५० फूट, दुसरा ५५ लाख ११८० फूट, तिसरा ५८ लाख १२४० फूट. रात्री बायको फोटो मोठे करून पाहत होती तर म्हणे अहो, तिन्हीत बेडरूमच्या खिडकीला तोच निळा कूलर आहे, स्टँडचा एक पाय विटेवर टेकवलेला पण तोच. म्हणजे फ्लॅट एकच, ब्रोकर तीन! फोन लावला तर पहिला म्हणे साहेब तो तर गेला, दुसरा दाखवतो, या. तिसऱ्याने दाखवला तोच, विकलेला वगैरे काही नव्हता, आणि सेलडीडवर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, निघाला ७६० फूट.

असं होतं कारण माहिती ब्रोकरच भरतो. कार्पेट, बिल्टअप (भिंती धरून), सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टचा वाटा पण धरून) यातला जो आकडा मोठा तो टाकतो, आणि ॲपवाले तपासायला येत नाहीत. विकलं गेलं तरी लिस्टिंग काढत नाही, कारण त्याच्यावरच फोन येतात. आपण एकदा "संपर्क करा" दाबलं की नंबर लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक, म्हणून किती जणांकडे जातो देव जाणे, मला दोन दिवसात सतरा फोन आले, एक तर हिंगण्याच्या प्लॉटसाठी!

नवीन स्कीम असेल तर आधी महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर मागा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड टाकणं बंधनकारक आहे. मागच्या रविवारी बेस्यात बोर्डावरचा कोड स्कॅन केला, कार्पेट ७१.५ चौरस मीटर म्हणजे साधारण ७७० फूट, ताबा कधी ते पण तारखेसकट, ॲपवर तीच स्कीम ११५० फूट! पण आठ किंवा त्याहून कमी फ्लॅटच्या स्कीमला नोंदणी लागत नाही, अशा स्कीम आपल्या नागपुरात गल्लोगल्ली आहेत, तिथे मंजूर नकाशा आणि एनआयटीचा (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं पत्र, स्वतः पाहा.

ॲपवाल्यांनी निदान लिस्टिंग शेवटची कधी तपासली ती तारीख तरी दाखवावी. आमचं शोधणं अजून चालूच आहे.