कमरेचं हाड की सिरॅमिक?

जूनमध्ये पेठ रोडवर मोटारसायकल घसरली आणि चुलतभावाच्या नडगीचं वरचं टोक, गुडघ्याचा सांधा जिथे टेकतो तेच, आत खचलं. डॉक्टर म्हणाले, पृष्ठभाग उचलून प्लेट लावू, पण खाली पोकळी राहील. ती कमरेचं हाड काढून भरायची की सिरॅमिकने, तेवढं सांगा. आम्ही चौघे चहाच्या टपरीवर, आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कपबशी.

हे सिरॅमिक म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचे पांढरे, सच्छिद्र दाणे, साधारण साबुदाण्यासारखे. हाडाच्या वजनातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग याच जातीच्या खनिजाचा असतो, म्हणून शरीर त्याला सहसा परकं मानत नाही. पण त्यात जीव नाही. कमरेच्या हाडात जिवंत पेशी असतात, हाड वाढवणारी प्रथिनं असतात. द्राक्षवाल्याला सांगायचं तर सिरॅमिक हा नुसता मांडव. वेल शेजारच्या हाडातूनच चढायला हवी.

मग सरळ कमरेचंच का नाही? कारण तिथे दुसरी जखम होते. कित्येकांना पायापेक्षा कंबरच जास्त दिवस छळते, आणि तिथून हाड निघणार तेही बेताचंच. सिरॅमिक हवं तेवढं मिळतं, पण पैसे सीसीवर, म्हणजे किती घन सेंटिमीटर भरलं त्यावर. आमच्या बिलात ते ‘इतर साहित्य’ म्हणून अवतरलं. तुम्ही आधीच लेखी भाव घ्या आणि पॉलिसीत बसतं का ते विचारा.

माझं मत: चारी बाजूंनी हाड असलेली पोकळी असेल तर सिरॅमिक. हाड जुळायचंच राहिलंय, मधे आरपार फट आहे, तर कमरेचं, फार तर त्यात दाणे मिसळून. सिरॅमिक दाब सोसतं, वाकवलं की तडकतं, त्यामुळे प्लेट किंवा रॉड चुकत नाही. बिडी-सिगारेट चालू असेल तर दोन्ही उशिरा धरतात.

कोणतं सिरॅमिक, हेही विचारा. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांत ते दोनेक वर्षांत विरघळून हाडाला जागा देतं. हायड्रॉक्सीअपेटाइट वर्षानुवर्षं राहतं. पू झाला असेल तर आधी सफाई. मग कॅल्शियम सल्फेटचे, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्याच कुळातले, अँटिबायोटिक मिसळलेले मणी भरतात. हाडाच्या पोकळीत प्लास्टर भरल्याची नोंद थेट 1892 ची आहे. मणी काही आठवड्यांत विरतात. मधे जखमेतून पांढुरकं पाणी आलं तर घाबरू नका, पण दाखवा.

हाच प्रश्न जनावरांतही येतो, पण कुत्र्याचं गणित जरा वेगळं. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातीचं पुढच्या पायाचं हाड काडीसारखं, रक्तपुरवठा कमी, म्हणून ते जुळायला कुरकुरतं. पशुवैद्य खांद्याजवळचं मऊ हाड काढतात, पण एवढ्याशा जिवात ते चमचाभरही निघत नाही. तिथे दाण्यांची भर कामाला येते. त्याला ‘पाय टेकू नको’ सांगता येत नाही, म्हणून पिंजऱ्यातली विश्रांती नीट पाळा. शेळीचा पाय साधा मोडला असेल तर प्लास्टर पुरतं, सिरॅमिकच्या फंदात पडू नका.

भावाने सिरॅमिक घेतलं. सप्टेंबरच्या एक्सरेत दाणे अजून वेगळे दिसत होते, पण कडा धूसर झालेल्या. डॉक्टर त्या कडांवर पेन फिरवून समजावत होते. भाऊ विचारत होता, ऑक्टोबर छाटणीला उभं राहता येईल ना?