बुटाच्या टाचेवरचा आकडा

हरिहर, अंजनेरी, कळसूबाई करता करता मला बर्फाची ओढ लागली. दोन वर्षांपूर्वी गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स केला. यंदा जानेवारीत तिथेच स्की टूरिंग करायचं ठरवलं, म्हणजे गोंडोलात, तिथल्या रोपवेत, न बसता स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू न देणारी पट्टी, चिकटवून आपल्या पायांनी चढायचं आणि मग घसरत उतरायचं.

नवा सेट माझ्या आवाक्याबाहेरचा होता आणि नाशिकमध्ये हे सामान हातात घेऊन बघायची सोय मला कुठे सापडली नाही. ट्रेकिंगच्या एका ग्रुपवर जुना सेट दिसला. स्की, पिन बाइंडिंग (बूट स्कीवर पकडून ठेवणारा भाग), बूट, स्किन आणि हिमस्खलनात माणूस शोधायचा बीकन, असं सगळं मिळून 54 हजार. माणूस गोड बोलायचा. “ताई, एकच सीझन वापरलंय, डोळे झाकून घ्या.” लाल बूट बाइंडिंगमध्ये टक्कन बसतानाचा व्हिडिओही त्याने पाठवला. मी सगळे पैसे एकदम यूपीआयने पाठवले.

पार्सल आलं तेव्हा बूट व्हिडिओतल्यासारखे लाल होते, मापही माझंच, 24.5. गंगापूर रोडच्या घरात हॉलमध्येच बसवून पाहिले. पुढची बाजू बसली, टाच काही केल्या बसेना. फोन केला तर म्हणाला, “तिथला मेकॅनिक दोन मिनिटांत करून देतो.” मी विश्वास ठेवला.

पिन बाइंडिंगच्या बुटाला पुढे दोन्ही बाजूंना धातूच्या बारीक खाचा असतात, त्यात पिना अडकतात. पुढचा भाग म्हणून बसतो. टाचेचा भाग मात्र बुटाच्या तळाच्या लांबीप्रमाणे स्कीवर ठोकलेला असतो. ही लांबी मिलिमीटरमध्ये टाचेजवळ कोरलेली असते, आणि पायाचं माप एकच असलं तरी दोन मॉडेलांची लांबी वेगळी निघते. गुलमर्गच्या मेकॅनिकने माझा बूट उलटा करून दाखवला: 294. मी तो व्हिडिओ पुन्हा काढला, थांबवून मोठा केला. त्यातल्या लाल बुटावर 276 होतं. बूटच बदलले होते. अठरा मिलिमीटर मागे सरकायला त्या बाइंडिंगला जागाच नव्हती. पुन्हा भोकं पाडून बसवण्याइतका वेळ नव्हता, म्हणून तिथेच भाड्याचा सेट घेतला.

स्किनचं तर सांगायलाच नको. जुना गोंद काकवीसारखा तार धरून स्कीच्या तळाला राहिला आणि स्किन हातात आली.

पण अंगावर काटा आला तो बीकनने. निघण्याआधी आमच्या गाइडने स्वतःचा बीकन शोधण्याच्या मोडवर ठेवून एकेकाला समोरून चालायला सांगितलं. प्रत्येकाचं अंतर त्याच्या पडद्यावर उमटत होतं. माझ्या वेळी काहीच उमटलं नाही. घरी मी तो टेबलावर ठेवून चालू केला होता, हिरवा दिवा लागला होता, मला तेवढं पुरेसं वाटलं. गाइडने बॅटरीचं झाकण उघडून नखाने खरवडलं. आत पत्र्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं, आणि वरवर पॉलिश पेपर मारल्याच्या खुणा. जुने सेल गळून पत्रे खाल्ले होते. स्थिर ठेवला की चालू, दोन पावलं चाललं की बंद. बर्फाखाली गाडलेल्या माणसाची वाचण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने कमी होते, आणि त्या वेळात 457 किलोहर्ट्झचा तो सिग्नल हाच त्याचा आवाज. हे माहीत असलेल्या माणसाने तो पत्रा घासून मला विकला. पैशांचं दुःख आहेच, पण याचा राग वेगळा आहे.

परत आल्यावर फोन केला तर नंबर ब्लॉक. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्या गेल्या कळवलं असतं तर ते पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते, मी तीन आठवडे उशिरा गेले. तक्रार अजून चालू आहे.

मागच्या रविवारी तेच फोटो दुसऱ्या ग्रुपवर दिसले, भाव या वेळी 48 हजार. लाल बूट, डाव्या बुटाच्या टोकावर पांढरा तिरका ओरखडा. हे फोटो तुम्हाला आले तर पैसे पाठवायच्या आधी त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, टाचेवरचा आकडा वाचायला लावा, आणि बीकनचं बॅटरीचं झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा.