शंभर न्यूटनचं लाइफ जॅकेट: दिवाळीपासून मिरगापर्यंत

दिवाळीच्या सुमारास दोन लाइफ जॅकेटं मागवली, एक मला नि एक लेकीला. फोमची, नारिंगी, माझं शंभर न्यूटनचं. किंमत माझ्या जॅकेटाची दोन हजारांच्या आतबाहेर. आता मिरग लागलाय, जॅकेटं धुऊन माडीवर टांगलीत, म्हणून निवांत लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच साच्याची जॅकेटं चार नावांनी विकली जातात. फरक पडतो तो मापाचा नि पट्ट्यांचा.

‘बोटिंगवाले देतात की फुकट, विकत कशाला?’ हे घरी आधी ऐकून झालं. देतात, खरं कसलं देतात ते बघा. आमच्या बेळगाव भागातल्या एका तलावावर मिळालेल्या जॅकेटाचा फोम बसून बसून पापड झालेला, एक बकल गायब, त्या जागी सुतळी. माप एकच, सहा फुटी माणसालाही तेच नि पोरालाही तेच. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून १२ मुलं नि २ शिक्षिका गेल्या. तो काही समुद्र नव्हता, शहरातला तलाव होता. कितीतरी मुलांच्या अंगावर जॅकेटच नव्हतं.

आकड्याचं आधी सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. शंभर न्यूटन म्हणजे साधारण दहा किलो तोलून धरण्याची ताकद. मोठ्या माणसाचं डोकं पाण्यावर राहायला चार-पाच किलोचा आधार बहुधा पुरतो. उरलेला जोर लागतो तो माणूस उताणा राहून तोंड पाण्याच्या बरंच वर यावं म्हणून. पन्नासचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, तेही काठ नि मदत जवळ असेल तर. शंभरचं धरण, तलाव, संथ पाणी यांसाठी. खुल्या समुद्रात दीडशेचं. पोरांच्या जॅकेटावर मात्र न्यूटन बघत बसू नका, लेबलावर किती किलोपासून किती किलोपर्यंत लिहिलंय ते बघा. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून ढगळ घेणं शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, इथं नाही.

आल्या आल्या बहिणीच्या शेतातल्या विहिरीत चाचणी घेतली. दाजी पट्टीचे पोहणारे, ते पाण्यात लेकीच्या शेजारी. आधी मांड्यांमधून जाणारा पट्टा न लावता सोडलं. जॅकेट सरळ वर सरकलं, कॉलर कानाला टेकली, हनुवटी आत नि ओठांना पाणी लागायला लागलं. मग तोच पट्टा लावून, दोन बोटं जातील इतका आवळून सोडलं. जॅकेट छातीवरच राहिलं, मान मागच्या उशीवर टेकली नि पाणी हनुवटीच्या खाली. लेक मजेत दाजींना ‘मामा, ढकला की’ म्हणून ओरडायला लागली. माझ्या मते सगळ्या जॅकेटाचे पैसे त्या एका पट्ट्याचे आहेत. कमी किमतीच्या मॉडेलला तो नसतोच, तेवढ्यासाठी चारशे-पाचशे जास्त गेले तर जाऊ देत. दुकानात विहीर नसते, तेव्हा पट्टे आवळून दुसऱ्याला खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते तुमचं माप नव्हे.

सगळ्यात जास्त वापर हिडकलला झाला. घटप्रभेवरचं हे धरण ५१ टीएमसीचं, पसारा मोठा, आणि दुपारनंतर वारं सुटलं की पाणी चांगलंच उचलतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, ते बघायला आम्ही हरिगोलातून, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीतून, गेलो. नावाडी मामा म्हणाले, ‘साहेब, भ्या कशाला, मी हाय न्हवं?’ मामांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास. पण पाणी उतरत असताना बुडीत गावाच्या भिंती नि झाडांचे बुंधे वीतभर पाण्याखाली असतात, त्यांना लागलं तर मामा तरी काय करणार? हरिगोलात मधोमध वजन सारखं वाटून बसायचं नि फोटोसाठी कुणी उठायचं नाही, एवढं पाळलं तरी निम्मी काळजी मिटते. मेच्या उन्हात मात्र आत घामाच्या धारा लागतात. सुती बनियन घालून वर जॅकेट चढवलं की थोडं सुसह्य होतं.

दांडेलीजवळ गणेशगुडीला राफ्टिंगला गेलो तेव्हा आमची जॅकेटं गाडीतच राहिली. तिथं राफ्टिंगवाले त्यांचंच जॅकेट नि हेल्मेट घालायला लावतात आणि ते बरोबरच आहे. वर सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की काळी नदी बघता बघता चढते. त्या पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढं प्रवाहाच्या दिशेला, आणि उभं राहायला अजिबात जायचं नाही. पाय दगडात अडकला की प्रवाह वरून दाबतो.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत आम्ही दोघंच आपापली जॅकेटं घेऊन चढलो. ‘बेळगावास्नं घरचं बिऱ्हाड घेऊन आलेत’ असं मागून कुणीतरी म्हणालं. म्हणू देत. पावसाळ्यात ती वाहतूक बंद असते, तेव्हा आंबोलीवरून उतरण्याआधी चौकशी करा.

आता झीज. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्यात खळबळून काढलं नाही तर चेनचे दात पांढरे पडतात. गच्चीवर उन्हात विसरलेलं माझं जॅकेट एका अंगानं विटकं झालंय. सावलीत वाळवलेलं लेकीचं अजून नवंकोरं. डाव्या खांद्याची शिवण महिन्याभरापूर्वी उसवायला लागली. शहापुरात बॅगा शिवणाऱ्याकडून नायलॉनच्या दोऱ्यानं घालून घेतली, वीस रुपयांत काम. ओले झाले की पट्टे बकलातून सरकतात, म्हणून टोकाला गाठ मारतो. सोबत आलेली शिट्टी आत गोळी असलेली, गोळी ओली झाली की मुकी. बिनगोळीची वेगळी घेऊन बांधलीय. आणि हो, जॅकेट उशी म्हणून वापरू नका, वर बसू नका, फोम मरतो. आमच्याकडं पाहुण्यांना हे सांगता सांगता नाकी नऊ येतात.

कयाकिंग करणाऱ्यांनी हे घेऊ नये. वल्हं मारताना काखेत घासतं, त्यांना आखूड, मोकळ्या खांद्यांचं लागतं. वर्षाकाठी एखाद्या वेळी बेळगावच्या किल्ला तलावात पोरांना फिरवणाऱ्यांनी निदान पोराचं तरी घ्यावं. मोठ्याला तिथलं चालवून घेता येतं, पोराच्या मापाचं तिथं बहुधा नसतंच.

लेकीचं वजन लेबलावरच्या आकड्याला आता टेकलंय. तिचं जॅकेट नंदगडच्या भाच्याकडं जाईल, आणि पाऊस उघडला की तिला पुढचं माप, पट्ट्यासकट.