उपदेशक की ईयोब? देव न मानणाऱ्याने बायबल कुठून उघडावं

देव मानत नाही, पण बायबल एकदा वाचायचंय, असं ठरवणारे बहुतेक जण 'उत्पत्ती'पासून सुरू करतात आणि 'लेवीय'मधल्या होमार्पणांच्या नियमांत रुतून बसतात. मग कुणीतरी सुचवतं, "उपदेशक वाच, तो आपल्यातलाच आहे." उपदेशक आणि ईयोब ही दोन्ही बायबलच्या जुन्या करारातली पुस्तकं. सल्ला वाईट नाही, पण मी आधी ईयोब हातात देईन.

उपदेशकाची बाजू आधी मांडतो. बारा छोटे अध्याय, तासाभरात संपतात. परंपरेने हे शलमोन राजाच्या नावावर घातलंय, पण मजकुरात 'परदेस' (बाग) आणि 'पितगाम' (निवाडा) हे इराणी वळणाचे शब्द आहेत, आणि इराणची राजवट आली शलमोनानंतर सुमारे चारशे वर्षांनी. पुस्तकाचा कणा म्हणजे 'हेवेल' हा हिब्रू शब्द. तो ३८ वेळा येतो. मराठी बायबलात त्याचं 'व्यर्थ' झालंय, आणि इथे वाचक थोडा फसतो. हेवेल म्हणजे वाफ, श्वास. थंडीत सकाळी तोंडातून निघते ती वाफ. ती खोटी नसते, फक्त मुठीत धरता येत नाही. 'व्यर्थ' म्हटलं की निकालच लागला. जिथे जिथे 'व्यर्थ' येईल तिथे 'वाफ' वाचून बघा, पुस्तकाचा सूरच बदलतो.

माणूस मरतो तसाच पशू मरतो आणि दोघांचा श्वास एकच, हे तिसऱ्या अध्यायात आहे. मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत कुत्रा बरा, हे नवव्यात. म्हणून हे पुस्तक आपल्याला लगेच पटतं, आणि माझी तक्रार तीच आहे. आपलंच मत जुन्या भाषेत ऐकून मान डोलवायची आणि पुस्तक मिटायचं. शिवाय हा मळे, तलाव, दासदासी बाळगणाऱ्या माणसाचा शीण आहे. चौथ्या अध्यायात त्याला गांजलेल्यांचे अश्रू दिसतात, पण पुढे करतो काय, तर मेलेले सुटले म्हणतो. आणि तो नास्तिक नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याचा देव आहे, पण लांब आहे आणि एक शब्द बोलत नाही. शेवटी 'देवाचे भय धर' असं येतं, तेव्हा उपदेशकाबद्दल कुणी तिसराच बोलतोय. ते शेपूट नंतरच्या हाताने जोडलेलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

ईयोबाचे अध्याय ४२. लांब आहे, मध्ये पुनरुक्ती आहे, आणि सुरुवातच चीड आणणारी. स्वर्गातल्या दरबारात ईयोब नावाच्या एका सज्जन माणसावरून देवाला आव्हान दिलं जातं आणि त्यात त्याची दहा मुलं मरतात. आव्हान देणारा 'सैतान' हा नंतरच्या काळातला नरकाचा राजा नव्हे. हिब्रूत तो हुद्दा आहे, साधारण फिर्यादी.

खरं पुस्तक तिसऱ्या अध्यायापासून. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. तोवर ते उत्तम मित्र असतात. मग तोंड उघडतात. सुतकाच्या घरी बसलेल्या कुणालाही ही भाषणं ओळखीची वाटतील: काहीतरी चुकलं असेल, त्याशिवाय का असं होतं. आपल्याकडे मागच्या जन्मावर ढकलायची सोय आहे. या मित्रांना तीही नाही, म्हणून ते याच जन्मातली पापं रचायला लागतात. बाविसाव्या अध्यायात एलीफज सरळ आरोपच करतो की तू विधवांना रिकाम्या हाताने लावून दिलंस. पुरावा शून्य. ईयोब हटत नाही.

देव अखेर बोलतो, चार अध्याय बोलतो, पण 'का?' याचं उत्तर देत नाही. रानगाढव, शहामृग, लिव्याथान नावाचा अजस्र जलचर दाखवत राहतो. माणूस केंद्रस्थानी नसलेलं इतकं जग प्राचीन साहित्यात क्वचित भेटतं. मानवतावाद्यालाही ते बोचतं, आणि बोचायलाच हवं. पुढे देव मित्रांना सुनावतो की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. म्हणजे देवाची वकिली करणारे हरले. असं पुस्तक धर्मग्रंथात टिकलं, याचं मला अजून नवल वाटतं.

नव्या करारातलं हवं असेल तर मार्कने लिहिलेलं येशूचं चरित्र घ्या, सोळा अध्याय. स्वतःच्या गावच्या लोकांत येशूला फारसे चमत्कार करताच आले नाहीत, असं मार्क लिहितो. दुसरा चरित्रकार मत्तय तेच 'केले नाहीत' असं सौम्य करतो. दोन्ही उतारे शेजारी ठेवले की पोथी कशी घडते ते डोळ्यांसमोर दिसतं.

भाषांतर? बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' सहज मिळतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केडगावात केलेलं भाषांतर मिळालं तर तेही जवळ ठेवा.

एकच संध्याकाळ मोकळी असेल तर उपदेशक. आठवडा असेल तर ईयोब. त्यातले ३२ ते ३७ हे अलीहू या मागाहून बोलणाऱ्या चौथ्या माणसाच्या भाषणाचे अध्याय पहिल्या वाचनात गाळले तरी चालतील. शेवटचं पान मात्र सावकाश वाचा. मेंढरं सात हजारांची चौदा हजार होऊन परत येतात, उंट तीन हजारांचे सहा हजार. मुलं मात्र पुन्हा दहाच. आधीच्या दहांबद्दल तिथे एक ओळही नाही.