पेटवर्थ की हाउटन? इंग्लंडमधली एकच हवेली बघायची असेल तर

लंडनमधली नॅशनल गॅलरी झाली, टेट झालं. आता शहराबाहेरच्या एखाद्या जुन्या हवेलीत जाऊन कला बघायची आहे आणि हाताशी एकच दिवस आहे. अशा वेळी बहुतेक जण चॅट्सवर्थचं नाव सुचवतात. चॅट्सवर्थ भव्य आहे, कानोव्हाची शिल्पं आहेत, बाग आणि कारंजी आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर खुशाल तिकडे जा. पण कलेसाठीच जायचं असेल तर माझ्या मते खरी निवड दोन ठिकाणांतली आहे: वेस्ट ससेक्समधलं पेटवर्थ आणि नॉरफकमधलं हाउटन हॉल.

पहिल्यांदा जाणाऱ्याने पेटवर्थला जावं, असं मी आधीच सांगून टाकते. कारण टर्नर, एकोणिसाव्या शतकातला नावाजलेला इंग्रज निसर्गचित्रकार. या घराचे मालक, एग्रेमाँटचे तिसरे अर्ल, कलाकारांना पाहुणे म्हणून बोलवत आणि हवं तितकं राहू देत. टर्नर 1827 ते 1837 या काळात इथे वारंवार येऊन राहिला. जुनं ग्रंथालय त्याला चित्रं काढायला दिलं होतं. आत तो दार लावून बसे आणि ठरलेल्या पद्धतीने दार वाजलं तरच उघडे, असं सांगतात. घरात तेव्हा काय चाललं होतं, तेही त्याने निळ्या कागदावर रंगवून ठेवलं आहे: बिलियर्ड्स खेळणारे, पियानोपाशी जमलेले, खिडकीशी चित्र काढत बसलेले लोक. शंभराहून अधिक असलेली ही छोटी चित्रं टेटकडे आहेत. जाण्याआधी त्यांच्या प्रतिमा नजरेखालून घाला, म्हणजे खोल्यांतून फिरताना ओळख पटत जाईल.

‘कार्व्ह्ड रूम’मध्ये मात्र वेळ काढून उभे राहा. ग्रिन्लिंग गिबन्सचं लाकडी कोरीवकाम इतकं बारीक आहे की सगळ्यांची नजर आधी तिकडेच जाते. पण त्या कोरीवकामात बसवलेल्या पोर्ट्रेट्सच्या खाली टर्नरची चार लांबट, आडवी चित्रं बसवलेली आहेत. ती खाली लावली, कारण ही जेवणाची खोली होती आणि बसलेल्या माणसाच्या नजरेला ती यायला हवी होती. दोन चित्रांत बाहेरच्या उद्यानातलं तळं आणि सूर्यास्त, तिसऱ्यात चिचेस्टरचा कालवा, चौथ्यात ब्रायटनचा चेन पियर, म्हणजे समुद्रात गेलेला साखळ्यांवरचा धक्का. कालव्यात आणि पियरमध्ये अर्लसाहेबांचे स्वतःचे पैसे गुंतलेले होते. तो पियर 1896 च्या वादळात कोसळला. तळं तसंच आहे. चित्रातलं तळं बघून मान वळवली की खिडकीबाहेर तेच तळं दिसतं. कुठल्याही संग्रहालयात हे मिळत नाही, आणि चित्रकार त्या घरात राहिला म्हणूनच ते शक्य झालं.

पेटवर्थची अडचण म्हणजे गर्दी, माणसांची नव्हे, चित्रांची. व्हॅन डाइक, ब्लेक, शिवाय नॉर्थ गॅलरीतली शिल्पं. सगळं बघायला गेलात तर दुपारपर्यंत डोळे शिणतात. टर्नर आणि नॉर्थ गॅलरी एवढंच धरून चाललं तरी चालेल.

हाउटनची तऱ्हा वेगळी. ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जाणारे रॉबर्ट वॉलपोल यांनी अठराव्या शतकात बांधलेलं हे घर. त्यांचा नावाजलेला चित्रसंग्रह 1779 मध्ये रशियाच्या कॅथरीन राणीला विकला गेला. 2013 मध्ये त्यातली बरीच चित्रं प्रदर्शनापुरती परत आली, जुन्या भिंतींवर लागली आणि पुन्हा रशियाला गेली. आज इथे दर मोसमात एखाद्या मोठ्या समकालीन कलाकाराचं प्रदर्शन भरतं. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं 2020 मध्ये झालं. महाबलीपुरममध्ये वर्षानुवर्षं दगड घडवणाऱ्या स्टीफन कॉक्सचं 2025 मध्ये. 2024 मध्ये अँटनी गॉर्म्लीने आवारभर माणसाच्या आकाराचे शंभर लोखंडी पुतळे उभे केले, सगळे एकाच आडव्या पातळीवर. जमीन जिथे उंच तिथे पुतळा मानेपर्यंत पुरलेला, जिथे सखल तिथे खांबावर चढवलेला. जमिनीचा चढउतार एरवी आपल्या लक्षातही येत नाही, तो या पुतळ्यांमुळे डोळ्यांना दिसू लागला.

पण हे कलाकार तिथे बिऱ्हाड करत नाहीत. मोसम संपला की काम उतरतं. चुकलं ते चुकलं. कायमची कामं आहेत, त्यांतलं जेम्स टरेलचं ‘सेल्डम सीन’ मला सगळ्यांत आवडतं. झाडांमध्ये उंचावर एक लाकडी खोली, आत बाकं आणि छतात चौकोनी मोकळी जागा. बसून वर बघत राहायचं. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही, मग आकाश जवळ येऊन छताला चिकटल्यासारखं दिसू लागतं. ज्यांना आजचे कलाकार आणि मोकळं रान आवडतं, किंवा ज्यांचं पेटवर्थ बघून झालंय, त्यांनी हाउटनला जावं.

प्रवासाचं गणितही पेटवर्थच्याच बाजूने आहे. लंडन व्हिक्टोरियाहून पुलबरोपर्यंत ट्रेन, पुढे बस किंवा टॅक्सी. घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेचं असल्याने सदस्यांना तिकीट लागत नाही. हाउटनसाठी किंग्ज क्रॉसहून किंग्ज लिनला जायचं आणि तिथून पुढे बरंच अंतर उरतं, तेव्हा स्वतःची गाडी असलेली बरी. हिवाळ्यात हाउटन बंद असतं आणि मोसमातही आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडं असतं. म्हणून त्या वर्षी कोणाचं प्रदर्शन आहे ते आधी बघा, मग तारीख ठरवा, आणि टॅक्सीने जाणार असाल तर परतीचीही आधीच सांगून ठेवा.